जाड अक्षरांतलं नाव

मंडळी, आज सकाळी आपल्या भजनी ग्रुपवर निधनाचा मेसेज आला. मजकूर मराठीत, नाव तेवढं इंग्रजीत, कुठल्याशा ॲपमधून काढलेल्या जाड, नक्षीदार अक्षरांत.

लाटंबार्सेतल्या माझ्या काकांना दिसत नाही. मेसेज त्यांना फोन वाचून दाखवतो. ती अक्षरं फोनला वाचता येत नाहीत. नाव गाळून तो थेट बोलला, "यांचे दुःखद निधन झाले."

ग्रुपवरचं काही कळलं नाही की काका धारगळच्या दत्ताराममामांना विचारतात. काका पेटीवर, मामा पखवाजावर, जन्माची जोडी. आजही त्यांनाच फोन लावला.

"दत्ताराम, कोण गेलो रे?"

फोन मामांच्या सुनेने उचलला होता. ती रडायलाच लागली.

त्यांचं नाव साध्या अक्षरांत लिहिलं असतं, तर मामा लहान झाले असते का?