झाकणांचा खेळ

माझा पेशाच प्रश्न विचारण्याचा. पहिलीच्या वर्गात दिवसभर ‘हे काय आहे, याचा रंग कोणता’ चालू असतं. त्यामुळे गंगापूर रोडवरच्या स्पीच थेरपीच्या मॅडमनी घरी मुलीला प्रश्न विचारायचे नाहीत असं सांगितलं, तेव्हा मला त्यांचा रागच आला. जेमतेम सत्तावीस वर्षांच्या, स्वतःचं मूल नाही, आणि मला शिकवतात.

मुलगी चार वर्षांची झाली होती. कान व्यवस्थित, समजायचं सगळं, पण शब्द म्हणावा असा एकही नाही.

मॅडमचं म्हणणं साधं होतं. रोज अर्धा तास जमिनीवर बसायचं. खेळ ती निवडेल, आपण तिच्यामागून जायचं. ‘बोल’ म्हणायचं नाही. मधूनच एखादा शब्द सहज टाकायचा आणि गप्प बसून वाट बघायची.

तिनं निवडली डब्यांची झाकणं. शाळा, मग दोन बस बदलून थेरपी, सिडकोत परत येऊन स्वयंपाक, आणि मग झाकणं. ती झाकण भिंगरीसारखं फिरवायची. ते आडवं झालं की मी म्हणायचे, “पडलं.” मग गप्प. खोटं कशाला सांगू, मला कंटाळा यायचा. गुडघे दुखायचे. असे दोन महिने गेले.

एका रविवारी झाकण पडलं आणि ती म्हणाली, “पल्लं.”

मी टाळ्या पिटल्या. नवऱ्याला हाका मारल्या, सटाण्याला सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाईल तिच्या तोंडासमोर धरला. परत म्हण. आजीला म्हणून दाखव. आपल्याकडे पोरानं काही नवं केलं की ते चारचौघांत करून दाखवावंच लागतं; मीही लहानपणी पाहुण्यांपुढे रडत रडत कविता म्हटल्या आहेत. सासूबाईंनी तिकडे नवस बोलून टाकला. इकडे मुलीनं झाकणं गोळा केली आणि ती पलंगाखाली जाऊन बसली.

पुढे तीन आठवडे एक शब्द नाही. मी जमिनीवर बसले की ती झाकणं घेऊन दुसऱ्या खोलीत निघून जायची. आलेलं बोलणं मी माझ्या हातानं घालवलं होतं. मॅडम मात्र रागावल्या नाहीत.

“ताई, ती तुमच्याशी बोलली होती,” त्या म्हणाल्या. “तुम्ही तिला कार्यक्रम करायला लावलं.”

परतीच्या बसमध्ये मी तोंड खिडकीकडे करून रडले.

त्यानंतरच्या एका शनिवारी चाचणीचे गठ्ठे तपासून घरी आले आणि कपाटाला टेकून खाली बसले. थेरपीसाठी नाही, उभं राहवत नव्हतं म्हणून. पर्स खांद्यालाच होती. डोळे मिटले होते. झाकणांचा आवाज हळूहळू जवळ आला आणि थांबला. डोळे उघडले तर ती माझ्यासमोर उकिडवी बसून माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. दोन वर्षं मी तिच्या ओठांकडे बघत आले होते. तीही माझ्याकडे बघत असेल, हे कधी मनात आलं नव्हतं.

“आई दमी,” ती म्हणाली.

मोबाईल पर्समध्येच राहिला.

“हो,” मी म्हटलं, “दमली आई.”

तिनं मान डोलावली. तिला ते कधीपासूनच माहीत होतं.