शिंदळ माकुडीला किती पाणी

जुन्नरहून एसटी सुटताना मामानं खिडकीतून तुपाचा डबा आत दिला. डब्यात तूप नव्हतं. शिवनेरीच्या कड्याखालची शिंदळ माकुडी होती: बोटाएवढ्या मांसल कांड्या, चार पानं. "आक्का, उपाशी ऱ्हाऊ दे हिला, पन भिजवू नको," तो आईला म्हणाला. आईनं डबा मांडीवर घेतला तो थेट बदलापूरला उतरवला.

वडिलांना अंबरनाथच्या कारखान्यात नोकरी लागली होती. घर मिळालं मांजर्लीत, तळमजल्यावर, नदीजवळ. पाऊस तुम्हा जुन्नरकरांकडेही पडतो, पण कातळावर थांबत नाही. इथे तो भिंतीत राहायलाच येतो. जुलैत आईच्या छातीत घरघर सुरू झाली. "ही तगली तर मीही तगेन," ती म्हणायची. वडील म्हणायचे, "दोघींना उन्हात ठेवतो मग."

दुसऱ्या वर्षी सोसायटीत वृक्षारोपण निघालं. हे झुडूप दुर्मिळ आहे, असं चेअरमननी कुठेतरी वाचलं होतं. झालं! डबा गेला, पितळी कुंडी आली, फाटकाशी पाटी लागली: 'सोसायटीचं भूषण'. पाहुण्यांनी भाषण केलं, तांब्याभर पाणी घातलं. मग मानाप्रमाणे प्रत्येक सभासदानं एकेक तांब्या.

"अहो पुरे, मरेल ती," आई म्हणाली.

"वहिनी, शुभकार्यात असं बोलू नये."

पुढे तुळशीसारखं तिलाही आंघोळीनंतर पाणी घालायचा नेमच पडला. पितळी कुंडीला खाली भोक नव्हतं.

पंधरा दिवसांत कांड्या मऊ पडल्या. आईनं एक दाबून पाहिली, बोट पदराला पुसलं आणि वडिलांना म्हणाली, "मला जुन्नरला सोडा."

"एवढा पावसाळा काढू. दिवाळीला जाऊच."

त्या ऑगस्टात नदी आमच्या पायरीपर्यंत आली आणि परत गेली. ओल गेली नाही. गणपतीनंतर आई गेली. शोकसभेत चेअरमन आईलाही सोसायटीचं भूषण म्हणाले.

आता मी बदलापुरातच कात्रपला, तिसऱ्या मजल्यावर राहतो. मामानं पाठवलेली एक कांडी खिडकीत आहे, भोक असलेल्या मातीच्या कुंडीत. उन्हाळ्यात पानं गळली की बायको तांब्या घेऊन येते. "अहो, थेंबभर तरी!" मी तांब्या काढून घेतो.

तुम्ही जुन्नरकर विचारता, घर कुठलं म्हणायचं आता? तुमच्याकडे या झुडपाला कुणी भूषण म्हणत नव्हतं. किती पाणी सोसतं, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं.