जुन्नरला चालू, घरी बंद

माझा कॉम्प्युटर चालू होईना म्हणून त्याचा सीपीयू चादरीत गुंडाळून मी निरगुडसरहून एसटीनं जुन्नरला नेला. दुकानदारानं वायर लावली, बटण दाबलं आणि तो मुकाट्यानं सुरू झाला.

"भाऊ, याला काय बी झालेलं न्हाई."

मांडीवर घेऊन परत आणला, घरी लावला, तर ठार बंद. असं दोनदा झालं. दुसऱ्यांदा दुकानातली माणसं हसली, तेव्हा तो डबा तिथंच आपटावासा वाटला.

तिसऱ्यांदा मी भांडायच्या तयारीनं फोन केला. दुकानदारानं एवढंच विचारलं, "घरातला पंखा कसा फिरतोय?"

मी वर पाहिलं. पाती मोजता येत होती. शेताची वीज आली की सगळ्या शिवारातल्या मोटारी एकदम सुरू होतात आणि घरात व्होल्टेज उरत नाही. रोजचंच, म्हणून मी पंख्याकडे कधी बघितलंच नव्हतं. घराला सगळ्यात जवळची मोटार आमचीच. आता भांडायचं कुणाशी?

रानात वडील कांद्याला पाणी देत होते. मी ओरडून मोटार बंद करायला सांगितली. त्यांनी का म्हणूनही विचारलं नाही. पंखा पळाला, कॉम्प्युटर सुरू झाला, मी टायपिंगला बसलो.

खिडकीतून ते दिसत होते. अर्ध्या भिजलेल्या वाफ्यात, फावड्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून.

"झालं का रं?"

"पाचच मिनिटं," मी म्हणालो. अजून वीस पानं बाकी होती.