दिवा विझेपर्यंत बसणारा माणूस

नुंगंबाक्कमच्या एका ऑफिसात मी जिने झाडते. जिन्यातल्या इमर्जन्सी दिव्यांच्या बॅटऱ्या बदलायला एक माणूस यायचा. काढलेली बॅटरी तो गालाला लावून बघायचा. का, ते विचारायची मला लाज वाटे. एकदा कोणी नसताना मीही लावून बघितली. कोमट होती, एवढंच कळलं.

नवी बॅटरी बसवली की तो करंट बंद करायचा आणि दिवा किती वेळ टिकतो ते बघत पायरीवर बसायचा. मग तो वेळ चिठ्ठीवर लिहून दिव्याखाली चिकटवायचा. "अक्का, माझ्या बाजूनं झाडा, मी उठणार नाही," म्हणायचा.

दिवा दोन तास टिकायला हवा, पण एकदा चौथ्या मजल्यावरचा चाळीस मिनिटांतच विझला. दुसऱ्या दिवशी तपासणी होती.

"दोन तास लिही आणि चिकटव. कोण बघत बसतंय?" मॅनेजर म्हणाले.

"मी बसलो होतो ना, सार."

"मग पुढच्या वेळी दुसऱ्याला बोलावतो."

"बोलवा, सार." त्याने चिठ्ठीवर चाळीस मिनिटं लिहिलं, सही केली आणि ती दिव्याखाली चिकटवली.

पुढच्या वेळी खरंच दुसरा आला. सहा मजले त्याने दहा मिनिटांत संपवले. आकडे मला वाचता येतात. आता प्रत्येक दिव्याखाली दोन तास लिहिलेलं आहे.