हिरीनं खोटं ठरवलेलं कार्ड

मी संघरत्ना. राहते शहापुरात आणि रोज स्कूटीवरून डोळखांबच्या पुढच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला जाते. पोरं मला तोंडावर बाई म्हणतात आणि मागं चिडकी बाई म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. बावीस वर्षांत फळ्यावर काय काय काढलं असेल मी! पण माझ्या एका चौकोनामुळं एका बाईला घराबाहेर काढतील, असं कोणी म्हणालं असतं तर त्याला मी डस्टर फेकून मारलं असतं. त्या बाईचं नाव हिरी.

हिरी टोकावड्याकडची. लग्न होऊन आमच्या शाळेजवळच्या डोंगराकडच्या पाड्यात आली. दिवाळी झाली की नवरा मंगळूबरोबर भिवंडीकडं वीटभट्टीवर जायचं, पावसाच्या तोंडावर परत यायचं, मग खाली भात आणि वर उतारावर नाचणी. शाळेची पायरी कधी चढलेली नाही. पालकसभेत मी तिला तीनदा विचारलं, "अहो, तुमचं काही म्हणणं?" तिन्ही वेळा पदर सावरून हसली. मला वाटलं, बाई अगदीच मुखदुर्बळ आहे. मला काय डोंबल कळतं माणसातलं!

तिची थोरली रूपा माझ्या नववीच्या वर्गात. हुशार पोर, पण महिन्यातले चार-पाच दिवस गैरहजर. हातापायांचे सांधे असे धरायचे की अंथरुणात तोंड खुपसून किंचाळायची. हिरी त्या चौदा वर्षांच्या पोरीला पाठीवर घ्यायची आणि डांबरी रस्त्यापर्यंत चालत यायची. पाड्यात कोणी म्हणे बाहेरचं आहे, कोणी म्हणे कामाचा कंटाळा. शेवटी मी भडकले. म्हटलं, "अहो, तिचं रक्त तपासून घ्या आधी!" तपासलं, तर सिकलसेल निघाला. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी गोल राहत नाहीत, विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. तीच ती कळ. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. हिरी मला भेटायला आली, पिशवीभर नाचणी पायाशी ठेवली आणि न बोलता गेली. मी आपली खूश, की बघा, विज्ञान कसं कामाला आलं.

आणि तिथंच मला अवदसा आठवली. वर्गात आनुवंशिकतेचा धडा चालू होता. म्हटलं, पुस्तकातली वाटाण्याची झाडं कशाला, आपल्याच पाड्यातलं उदाहरण घेऊ. चार वर्षांपूर्वी पाड्यात सिकलसेलचं शिबिर झालं होतं, घरोघरी कार्डं होती. मी म्हटलं, "ज्यांच्या घरी असतील त्यांनी आणा." दुसऱ्या दिवशी रूपानंच आणली. आईचं कार्ड मंगेशच्या, म्हणजे तिच्या धाकट्या भावाच्या वेळी गरोदर असताना दवाखान्यात मिळालेलं. त्यावर लिहिलेलं, वाहक. बापाचं कार्ड शिबिरातलं, त्यावर लिहिलेलं, दोष नाही.

मी समजावलं. प्रत्येक जनुकाची आपल्यात जोडी असते, एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. दोन्ही बिघडलेली आली तर आजार. एकच बिघडलेलं असेल तर तो माणूस वाहक. त्याला बहुतेक त्रास होत नाही, पण ते जनुक तो पुढं देऊ शकतो. मग फळ्यावर चौकोन काढला. वर आईची जोडी, बाजूला बापाची, आत चार घरं. पोरांनीच भरली. दोन घरांत सगळं चांगलं, दोन घरांत एक-एक बिघडलेलं. दोन्ही बिघडलेली अशी जोडी एकाही घरात नाही.

पहिल्या बाकावरचा अनिकेत उठला. "बाई, मग रूपाला आजार झाला कसा? दुसरं बिघडलेलं आलं कुठनं?"

आणि मी, उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणून गेले, "शक्यच नाही. बापाकडून आल्याशिवाय हा आजार होतच नाही!"

बोलल्यावर माझं मलाच कळलं. मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. रूपा फळ्याकडं बघत होती, एकेका घरावर डोळे फिरवत होती, जणू कुठंतरी तिची जागा असेलच. मी काहीबाही बोलत सुटले, चूक झाली असेल, अपवाद असतो, पुढचं पान काढा. कोण ऐकतंय? घंटा झाली आणि त्याच पाड्यातली सहा पोरं धावत घरी गेली.

संध्याकाळपर्यंत पाडाभर झालं. मंगळूनं अंगणात, सगळ्यांसमोर, हिरीचं गाठोडं बाहेर फेकलं. "पोर कोणाची हाय ती सांग, मग घरात ये!" हिरी दोन्ही पोरांना घेऊन रातोरात टोकावड्याला भावाकडं गेली. मला हे तिसऱ्या दिवशी कळलं, जेव्हा रूपा आली नाही म्हणून मी हजेरी घेताना ओरडले आणि अनिकेत खाली मान घालून म्हणाला, "बाई, तिच्या आईला हाकललं ना, तुमच्या चौकोनावरनं."

माझ्या हातातला खडू मोडला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला वाटत होतं, जाऊन मंगळूला झोडपावं. पण सांगणार काय? चौकोन तर बरोबर होता! आणि खोटं कशाला बोलू, एक क्षण माझ्याही मनात आलं, खरंच काही असेल का हिरीचं? आलं मनात. आजही त्याची लाज वाटते.

चौथ्या दिवशी तिसऱ्या तासाला वर्गाच्या दारात हिरी उभी. दोन एसट्या बदलून आलेली, पायांत धूळ, सोबत रूपा.

"बाई," ती म्हणाली, "तो चौकोन परत काढा. माझ्यासमोर."

मी खडू घेतला. काढला. म्हणाली, समजवा. मी समजावलं. आपलं शरीर वाढतं तेव्हा पेशी दुभंगते आणि दोन्हींत सगळ्या जोड्या जशाच्या तशा जातात. पण आईचं बीज आणि बापाचं बीज तयार होताना तसं नसतं. तिथं जोडी सुटते. जोडीतलं एकच बीजात उतरतं, कुठलं उतरेल त्याचा नेम नाही. आईचं एक आणि बापाचं एक मिळून मुलाची नवी जोडी होते.

हिरी लक्ष देऊन ऐकत होती. मग एकेक करून विचारायला लागली.

"म्हंजे रूपाला एक माझ्याकडनं आलं, एक बापाकडनं?"

"हो."

"बापाकडनं आल्याबिगर ह्यो आजार व्हतच नाय?"

"नाही होत."

"तुमचा चौकोन कधी खोटा ठरतो का?"

"हजारात कधी. जवळजवळ नाहीच."

"बरं. मी पण खोटी नाय," हिरी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही की डोळ्यांत पाणी आलं नाही. "रूपा मंगळूचीच हाय. तुमचा चौकोन खरा, मी खरी. मग कार्ड खोटं हाय."

बाई गं! एवढं सरळ! बीएस्सी बीएड मी, बावीस वर्षं शिकवते, डोकं धरून बसले, त्या बाईवर संशय घेतला, पण त्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर घ्यायचं सुचलं नाही. छापील दिसलं की आपली मान आपोआप हलते. आणि जिनं अक्षर गिरवलं नाही तिनं ते चार प्रश्नांत उलगडलं.

शाळा सुटल्यावर हिरीला आणि रूपाला स्कूटीवर मागं बसवलं आणि पाड्यात गेले. अंगणात सासू चंद्राबाई नाचणी पाखडत होती. मंगळू आम्हाला बघून उठला, त्याच्या शेजारी धाकटा भाऊ सोमा. मी तोंड उघडायच्या आत हिरीनंच विचारलं, "शिबिर कवा झालं?"

"जानेवारीत," सोमा म्हणाला.

"जानेवारीत मंगळू कुठं व्हता?"

कुठं असणार? भट्टीवर. दोघंही, पोरांसकट, दिवाळीपासून भट्टीवर. मग हे कार्ड आलं कुठून? चंद्राबाईनं सूप खाली ठेवलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "सोमानं दिलं ना. मीच सांगितलं. यादीत नाव व्हतं मंगळूचं, शिबिरातली बाय म्हणाली, माणूस नसला तर नाव कापीन. नाव कापलं म्हंजे पुढचं सगळंच गेलं. म्हणून सोमानं एकदा आपलं बोट दिलं, एकदा भावाच्या नावानं."

"अहो आजी, पण रक्त!" मी ओरडलेच.

"त्यात काय झालं गो? दोगं माझ्याच पोटचे. एका आईबापाचे भाऊ, रक्त काय येगळं असतंय?"

मंगळूनंही मान डोलावली, त्यालाही इतकी वर्षं तेच वाटत आलेलं. पाड्यात हे असंच चालतं. रेशनच्या रांगेत, कामाच्या हजेरीत, सह्यांच्या कागदावर, जो घरी असेल तो नसलेल्याचं निभावून नेतो. त्याशिवाय अर्धं वर्ष बाहेर काढणाऱ्यांचं नाव कुठं टिकेल? त्यांना ही फसवणूक वाटतच नाही, भावानं भावासाठी उभं राहणं वाटतं. पण तिथं बोटातून रक्त घेत होते! मी चंद्राबाईला सांगितलं, "आजी, दोन्ही पोरं तुमचीच. पण बीज होताना जोडी सुटते. एकाला चांगलं आलं असेल, दुसऱ्याला बिघडलेलं. सोमाच्या रक्तावरून मंगळूचं नाही कळत." "मग हिरीला मी घालवली?" म्हातारी म्हणाली आणि तोंडावर पदर घेतला.

मंगळू मात्र हटून बसला. "माझ्यात दोष नाय. घ्या माझं रक्त, बघा."

घेतलं. आठवड्यानं दवाखान्यात रिपोर्ट आला. डॉक्टरांनी वाचून दाखवला. मंगळू वाहक. हिरीसारखाच. म्हणजे दोघांकडून एक-एक बिघडलेलं आलं की चारातल्या एका घरात रूपा बसते, अगदी बरोबर बसते.

मंगळूचा चेहरा उतरला. तेवढ्यात रूपा पुढं आली आणि त्याचा शर्ट धरून म्हणाली, "म्हंजे बाबा, तुझं पण हाय माझ्यात!" आणि हसली हो पोर. आजार बापाकडूनही आलाय हे ऐकून हसली. डॉक्टरांनी रिपोर्ट मंगळूच्या हातात दिला.

मंगळू रडायला लागला. "हिरी, घरी चल."

हिरी म्हणाली, "पंधरा वरसं तुझ्याबरोबर भट्टीवर उन्हात जळले, ते तुला पुरलं नाय. कागद पुरला." मग म्हणाली, "येईन. पण जितक्या जोरानं मला हाकललंस, तितक्याच जोरानं सांग."

रविवारी पाडा गोळा झाला. अंगणात पन्नासेक माणसं, बायका भिंतीकडेनं. मी मुद्दाम गेले होते, माझी चूकही सांगायची होती आणि ती मी आधी सांगितली. मंगळू उभा राहिला. इतके दिवस पाड्यात असला आजार बायकांच्या माहेराकडून येतो असंच म्हणायचे. तो मोठ्यानं म्हणाला, "माझ्यात पण हाय. हिरीवर मी खोटं घातलं." मग सोमा उठला आणि म्हणाला, "बोट माझं व्हतं."

मला वाटलं, संपलं. मी चप्पल शोधायला लागले. पण हिरी उभीच होती. तिनं सोमाकडं बघून विचारलं, "भावजी, आणखी कोणाच्या नावानं बोट दिलंत?"

सोमा खाली बघायला लागला. "सांग ना रे, घाबरू नको," चंद्राबाई म्हणाली.

"चौघांच्या," सोमा म्हणाला. "सगळे भट्टीवर व्हते. सकाळी टोपी घालून गेलो, दुपारी टोपी काढून. मंगळू, जाणू, चुलत्याचा हेमंत... आन रामू."

चार कार्डं. चारींवर लिहिलेलं, दोष नाही. आणि त्या कार्डांच्या भरवशावर चार वर्षांत लग्नं झाली, दवाखान्यात माणसं निर्धास्त बसली. मी स्वतः यातल्या दोन घरी सांगून आले होते, तुम्हाला काळजी नाही म्हणून!

बायकांतून एक जण पुढं आली. रामूची बायको गोजर, विशीतली पोर, सातवा महिना. तिनं एक हात पोटावर ठेवला होता. ओठ पांढरे पडलेले. माझ्याकडं नाही, मंगळूच्या हातातल्या रिपोर्टकडंही नाही, ती हिरीकडं बघत म्हणाली, "हिरीवहिनी, माझं कार्ड तुज्यासारकंच हाय, वाहक."

रामू कोपऱ्यात उभा होता. त्याच्या आईनं तोंड उघडलं होतं, काहीतरी म्हणणार होती. हिरीनं तिला बोलूच दिलं नाही. पुढं जाऊन गोजरचा हात धरला आणि रामूला सगळ्यांसमोर म्हणाली, "उद्या पहिल्या गाडीनं तू दवाखान्यात येशील आमच्याबरोबर. आन बोट तुझं देशील."