चाळीसची सिरिंज, शंभरची बाटली

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. वर्षाचा पहिला धडा मापनाचा. उत्तर बरोबर असलं, पण पुढे एकक लिहिलेलं नसलं, तर मी अर्धा गुण कापते. "मॅडम, समझ में तो आ रहा है ना," पोरं कुरकुरतात. नाही येत समझ में. नुसता सोळा म्हणजे काहीच नाही. सोळा काय?

माझ्या आईला रोज सकाळी इन्सुलिनचे सोळा युनिट लागतात. तिचा संसार या हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, तात्यापाऱ्याच्या जुन्या मराठी वस्तीत झाला. आता ती त्याच शहरात, तेलीबांध्याला माझ्या फ्लॅटमध्ये असते. सुई मीच देते. तिची स्वतःची मापं वेगळी. भाताला पाणी बोटाच्या दोन पेरांएवढं, मीठ चिमटीनं, साबुदाणा एका ठरलेल्या वाटीनं. मी हसायचे त्याला. आता कळतं की तिचं माप आणि मापायची वस्तू एकाच घरातली होती, एकमेकांना ओळखणारी. ती वाटी तिनं कधी दुसऱ्याच्या डब्यात घातली नाही.

मी मात्र नेमकं तेच केलं. गेल्या हिवाळ्यात औषधाच्या दुकानात आमची नेहमीची बाटली नव्हती. त्याच औषधाची दुसरी मिळाली, ती घेतली. जुन्या बाटलीत एका मिलीलीटरला चाळीस युनिट असायचे, नव्या बाटलीत शंभर. तसं वर लिहिलेलं होतं. मी वाचलं नाही. घरातल्या लाल टोपीच्या सिरिंज चाळीसच्या बाटलीसाठी होत्या. त्यावरच्या सोळाच्या रेघेपर्यंत नवं औषध ओढलं, तर ते होतं चाळीस युनिट. मी ओढलं, बुडबुडा टिचकीनं घालवला आणि आईला टोचलं.

दिवस गुरुवारचा, आईच्या उपवासाचा. आमच्याकडे उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वर दही. ती तिनं माझ्यासमोर पोटभर खाल्ली. थोड्या वेळानं तिला दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले, जीभ जड झाली. मी तिला घेऊन दवाखान्यात धावले. डॉक्टरांनी विचारलं, "आज व्रत था क्या?" मी म्हटलं, "हाँ, गुरुवार है।" खोटं नव्हतं ते. त्यांच्या लेखी व्रत म्हणजे रिकामं पोट, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. शिरेतून ग्लुकोज गेलं तशी आई बोलायला लागली. निघताना डॉक्टर तिला रागावले, "माताजी, अब व्रत-उपवास सब बंद।"

दुसऱ्या सकाळी सुई भरायला बाटली उचलली आणि शंभरचा आकडा दिसला. हिशेब मनातल्या मनात झाला. तेवढ्यात नागपूरहून दादाचा फोन. डॉक्टरांचं बोलणं मी त्याला रात्रीच कळवलं होतं. "उपाशीपोटी सुई घेतली ना तिनं? काही खाल्लंच नव्हतं ना?"

"हो," मी म्हणाले. "नव्हतं खाल्लं."

एवढंच. केशरी टोपीच्या, शंभरच्या सिरिंज आणल्या आणि मला वाटलं, मिटलं.

मिटलं नाही, कारण आईला खिचडी आठवत होती. ती दादाला फोनवर सांगायची, "अरे, खाल्ली होती मी." तो म्हणायचा, "आई, ते आधीच्या गुरुवारचं असेल." मग ती मला विचारायला लागली, "मले तर दही घेतल्याचंबी आठवून राहिलं. खाल्ली नव्हती काय वं?" मी म्हणायचे, "जाऊ दे ना आता." हळूहळू तिचं विचारणं थांबलं. भाजीत मीठ घातलं की ती मला बोलावून चाखायला लावायची. "घातलं ना मी?" आयुष्यभर स्वतःच्या चिमटीवर विसंबलेली बाई. दादानं बजावलं, तिला गॅसजवळ एकटी सोडू नको. मग त्यानं तिला स्मरणशक्तीच्या तपासणीला नागपूरला न्यायचं ठरवलं.

तो न्यायला येणार त्याच्या आदल्या दिवशी दुपारी आई पिशवीत लुगडी भरत बसली होती. मी समोर बसले आणि सांगितलं. बाटली, सिरिंज, फोन, सगळं.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे खाल्ली होती?"

"हो."

"दह्यासंग?"

"दह्यासंग."

तिनं हातातलं लुगडं खाली ठेवलं. "मले वाटलं, माझं डोकं गेलं. रोज पडल्या पडल्या नातवंडांची नावं म्हणून पाहत होती मी, एखादं सुटते का म्हणून."

मी ते लुगडं उचलून त्याची घडी घालायला लागले.

"सुई चुकली तं चुकली. माणूस चुकते. पण इतके दिवस मले येडी काहून ठरवली?"

"भीती वाटली."

"कोणाची? माझी?" ती हसली, पण ते हसू माझ्यासाठी नव्हतं. "मी मेली असती तं रडली असती तू. जिती राहिली, तं तुले भेव वाटलं. फोन लाव त्याले."

"दादा उद्या येतोच आहे, आई. समोरासमोर—"

"उद्या नाही. गाडीत बसायच्या पहिले."

मी फोन लावला, स्पीकर सुरू केला. "बोल, झाली का आईची तयारी?" दादा म्हणाला. मी खिचडीपासून सुरुवात केली. शंभरच्या बाटलीपर्यंत आले तशी त्यानं मला तोडलं. "थांब, थांब. आईला दे फोन."

आईनं हात पुढे केला नाही.

"तिचं होऊ दे पहिले," ती म्हणाली.