एक-तीन-चार-दोन

रविवार, १८ जानेवारी. सकाळी नऊ. स्थळ: आमचं खळं, म्हणजे घरापुढचं अंगण. हजर: मी, आमचे हे, भिकू मेस्त्री, ब्याऐंशी वर्षांचे चुलत सासरे आबा आणि बॉनेट उघडून उभी असलेली वन्संची गाडी. गैरहजर: अक्कल.

गाडी उत्तम चालत होती, म्हणून ती दुरुस्त करायचं ठरलं होतं.

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण, मुक्काम ठाणे. नवी गाडी घेतल्यावर जुनी त्यांनी आम्हाला दिली, पण दम देऊन. "नीट ठेवा. नाहीतर कणकवलीच्या धाकट्याला देईन." (धाकट्या दिरांनी तेव्हापासून पत्र्याची शेड बांधून ठेवली आहे. रिकामी!) त्याच संध्याकाळी पाच वाजता वन्सं कुडाळ स्टेशनवर उतरणार होत्या आणि त्यांना याच गाडीतून आणायचं होतं.

गाडीत दोष एवढाच, की समोर एक पिवळा दिवा लागायचा. खाऱ्या हवेनं कुठलासा सेन्सर बिघडायचा. कुडाळच्या गॅरेजात कॉम्प्युटर जोडला की दिवा विझायचा, आणि परत येताना कसालपर्यंत पुन्हा लागायचा. इंजिन मात्र तक्रार करत नव्हतं. तक्रार हे करत होते.

"ह्यो इंजेक्शनचो फाफटपसारोच नको!" कॉम्प्युटरच्या हुकमानं पेट्रोल फवारणाऱ्या यंत्रणेकडे बोट दाखवत हे म्हणाले. "सगळा काढून कार्बोरेटर लावया. माणसाक कळता असा इंजिन होया."

यांनी वीस वर्षं स्कूटर चालवली, ती कार्बोरेटरमध्ये फुंकर मारून. जगातलं कुठलंही यंत्र तोंडानं दुरुस्त होतं अशी त्यांची श्रद्धा आहे. (माझ्या मिक्सरमध्येसुद्धा फुंकून झालं आहे.)

साथीला भिकू मेस्त्री. त्यांनी भंगारातून याच इंजिनाच्या जुन्या मॉडेलचा कार्बोरेटर पैदा केला आणि सोबत डिस्ट्रिब्युटर. हा डिस्ट्रिब्युटर म्हणजे एक काळी टोपी. तिच्यातून चार तारा चार प्लगांकडे जातात आणि पाळीपाळीनं ठिणगी पोचवतात. दोघांनी आठ दिवस खपून चांगलं इंजिन सोललं. गुरुवारी जोडाजोड केली, तर टाकीतला जुना पंप इतका जोरकस निघाला की कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोलचं कारंजं उडालं. ते यांच्या लेंग्यावर आलं. दोन दिवस मी यांना देवापुढे निरांजन लावू दिलं नाही.

शनिवारी कमी जोराचा पंप बसला. मेस्त्रींनी तारा जोडल्या, टोपीवर खडूनं आकडे घातले आणि रात्रीच्या जेवणाला घरी गेले.

आता माझ्याविषयी. मी गावच्या वाचनालयाची ग्रंथपाल. साडेचार हजार पुस्तकं क्रमवार लावते, आणि बावीसनंतर चोवीस दिसलं तर मला जेवण जात नाही. मी सहज बॉनेटखाली डोकावले. टोपीवर गोल फिरत आकडे होते: एक, तीन, चार, दोन.

एक, तीन, चार, दोन! ज्याला चारपर्यंत मोजता येत नाही, त्याच्या हाती आम्ही गाडी दिली होती! प्लगांवरचे आकडे मात्र सरळ ओळीनं होते. मी खडू पुसला, तारा उपसल्या आणि एक, दोन, तीन, चार अशा नीट खोचल्या. वर वाचनालयाच्या कोऱ्या चिकटचिठ्ठ्यांवर सुवाच्य अक्षरात आकडे लिहून लावले. मनाला कशी शांतता मिळाली!

रविवारी मेस्त्री आले, चिठ्ठ्या पाहून खूश झाले. "वहिनीनू, झ्याक काम केलास!" आकडे वाचायच्या फंदात ते पडले नाहीत, कारण तारा स्वतः लावलेल्या.

यांनी चावी फिरवली.

धडाम!

कार्बोरेटरवरचं फिल्टरचं झाकण उडून फणसावर गेलं. मेस्त्रींची डावी भुवई गेली. आबांचं कानातलं ऐकायचं यंत्र बंद पडलं, त्यामुळे ते एकटेच शांत होते.

"टायमिंग फिरव रे!" हे ओरडले. ठिणगीची वेळ मागेपुढे करून झाली. धडाम! कार्बोरेटर उघडून यांनी फुंकर मारली. धडाम! कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली, "लग्न आसा काय गो तुमच्याकडे? फटाके वाजतत ते?"

दुपारचे दोन वाजले. यांचा चेहरा उतरला. "गेली गाडी धाकट्याकडे."

"एकदा तारा बघून घे मरे," हे मेस्त्रींना म्हणाले.

"मी स्वता लायलंय!" मेस्त्री भडकले. "ह्या इंजिनाची पाळीच तशी, एक-तीन-चार-दोन. कोणी एक-दोन-तीन-चार लायलो तर फुटतलाच. पण असो लावणारो गाढव अख्ख्या मालवण तालुक्यात गावाचो नाय!"

गाढव त्यांच्यासमोर चहाचा ट्रे घेऊन उभं होतं.

बोलावं, की बोलू नये? आठ दिवस मी यांना उठता-बसता टोमणे मारले होते. तोंड उघडलं असतं तर पुढची आठ वर्षं ऐकावं लागलं असतं.

तेवढ्यात आबा उठले. "माका वाटता, गाऱ्हाणा घातल्याशिवाय काय खरा नाय."

देवाला साकडं घालायला नारळ आला. आबांनी तो बॉनेटसमोर ठेवला. सगळ्यांनी हात जोडले, डोळे मिटले. मी ट्रे खाली ठेवला आणि बॉनेटखाली सरकले.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरान तुझ्यासमोर गाडी ठेवल्यान हा..."

"व्हय म्हाराजा!"

तीन तारा उपसल्या. एक खोचली.

"काय चुकला-माकला आसात तर पोटात घाल..."

"व्हय म्हाराजा!"

दुसरी.

"आनि ह्या कामात जो कोन आडो घालता हा, तेची बुद्धी फिरव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सर्वांत मोठा आवाज माझा होता. तिसरी तार बसली. चिठ्ठ्या पदराखाली गेल्या.

यांनी चावी फिरवली. गाडी एका दमात सुरू झाली! हे आबांच्या पाया पडले. मेस्त्री उरलेल्या भुवईखालून रडले.

वन्सं वेळेवर घरी आल्या. गाडीला पेट्रोलचा वास येतो म्हणाल्या, पण गाऱ्हाण्याची हकिगत ऐकून त्यांनी हात जोडले. "जिच्यावर देवाची एवढी कृपा, ती गाडी इथेच राहू दे." धाकट्या दिरांच्या शेडमध्ये आता शेळ्या आहेत.

आणि आबा प्रसिद्ध झाले! बंद पडलेली गाडी घेऊन लोक येतात. शिवाय आबांनी सगळ्यांना सांगून ठेवलं आहे, "आमची सूनबाय बॉनेटकडे हुबी रव्हाक होयी. तिचो पायगुण बरो." आतापर्यंत एक स्कूटर आणि दोन रिक्षा झाल्या. एकीचं पेट्रोल संपलेलं, दोघींचे प्लग सैल. निभावलं.

आबांना खरं काय ते सांगणे, हे काम माझ्या यादीत तेव्हापासून आहे. अजून बरोबरची खूण झालेली नाही. उद्या सकाळी नऊ वाजता मसुऱ्याहून एक जीप टोचन लावून आणतायत. मी रात्रीपर्यंत आबांशी बोलायलाच हवं, कारण आत्ताच मेस्त्रींकडून कळलं की जीप डिझेलची आहे, आणि डिझेलच्या इंजिनाला प्लगच्या तारा नसतात!